कोकण किनाऱ्यावरील चक्रीवादळाचा मोसम : घर, वाडी आणि होडीची तयारी

११ नोव्हेंबर २००९ रोजी पहाटे अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होऊन त्याला ‘फयान’ हे नाव मिळाले आणि त्याच दिवशी दुपारनंतर ते वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलेही. ‘निसर्ग’ने २०२० मध्ये थोडी अधिक सवड दिली. २ जूनला दुपारी ते चक्रीवादळ झाले आणि ३ जूनला दुपारी ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आले. कोकणातल्या माणसाने या दोन तारखांवरून एक गोष्ट ओळखली पाहिजे. वादळाचे नाव बातम्यांत ऐकू आल्यानंतर आपल्या हाती फार तर एक दिवस उरतो, आणि एका दिवसात छप्पर बांधून होत नाही, माडावरचे नारळ उतरत नाहीत, समुद्रात दूर गेलेली होडी परतही येत नाही. म्हणून या लेखातली निम्म्याहून अधिक कामे आकाश निरभ्र असताना करायची आहेत.

मोसम कोणता, आणि कामे कधी करायची

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन मोसम असतात. पहिला मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि दुसरा ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. वादळ तयार होण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांची दिशा व वेग यांत फार तफावत नसावी लागते. ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचा आणि वर पूर्वेचा जोरदार वारा वाहत असल्यामुळे वादळाचा उभा स्तंभ उभारतानाच विस्कटतो. म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र कितीही खवळलेला असला तरी चक्रीवादळ सहसा येत नाही. बंगालच्या उपसागराच्या तुलनेत आपला समुद्र शांत मानला जात असे. परंतु २०१९ या एकाच वर्षात अरबी समुद्रात ‘वायू’, ‘हिक्का’, ‘क्यार’, ‘महा’ आणि ‘पवन’ अशी पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी ‘क्यार’ कोकणात जमिनीवर आलेही नाही, तरी त्याच्या उधाणाने आणि पावसाने ऐन दिवाळीत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आणि कापणीला आलेल्या भाताला फटका दिला.

हे दोन्ही मोसम कोकणच्या कामांच्या वेळापत्रकाला नेमके अडचणीच्या जागी गाठतात. मे महिन्यात हापूस झाडावर असतो, मेअखेरीस घरांची शाकारणी चालू असते, ऑक्टोबरात भात उभे असते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेलेल्या होड्या भर हंगामात असतात. शाकारणी पावसाच्या तोंडावर करण्याची जुनी रीत आता बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. ‘तौक्ते’ हे वादळ १६ मे २०२१ रोजी कोकण किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले, तेव्हा अनेक घरे अर्धवट उघडी होती. छपराची आणि झाडांची कामे एप्रिल संपण्यापूर्वी हातावेगळी करावीत आणि सप्टेंबरअखेर त्यांची पुन्हा एकदा पाहणी करावी.

छप्पर : सर्वांत आधी आणि सर्वांत काळजीपूर्वक

वारा छप्पर खाली दाबत नाही, ते वर उचलतो. उतरत्या छपरावरून वारा वेगाने जाताना आढ्याजवळ आणि पागोळीच्या कडेला ओढ सर्वाधिक निर्माण होते. त्याच वेळी एखादे दार किंवा खिडकी फुटून वारा आत शिरला, तर आतला दाबही छपराला वर ढकलतो. यावरून दोन गोष्टी निघतात. छपराच्या कडा आणि आढे यांना मध्यभागापेक्षा अधिक बांधणी हवी, आणि दारे-खिडक्या मजबूत ठेवणे म्हणजेच छप्पर वाचवणे होय.

पत्र्याचे छप्पर असेल तर कडेच्या ओळींमध्ये हुकबोल्टची संख्या दुप्पट करावी. बोल्ट पत्र्याच्या नळीच्या वरच्या भागातून जावा, त्याखाली डांबरी किंवा रबरी वायसर असावा, आणि खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट वरून रंग देऊन न ठेवता बदलावेत. पत्र्यावर दगड, जुने टायर किंवा ओंडके ठेवण्याची सवय सोडावी, कारण पत्रा उचलला गेला की तेच दगड घरात पडतात किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जातात. सिमेंटचे पत्रे माराने तडकतात आणि त्यांचे तुकडे दूरवर उडतात. ते बदलणे परवडत नसेल तर निदान झोपण्याच्या खोलीवर तरी ते नसावेत.

कौलारू घरात मंगलोरी कौलांच्या कडेच्या दोन-तीन ओळी गंज न लागणाऱ्या तारेने रिपांना बांधाव्यात आणि आढ्यावरची कौले चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्की बसवावीत. त्याहून महत्त्वाचे काम दिसत नाही ते आहे : रीप वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीला लोखंडी पट्टीने किंवा मजबूत बोल्टने जोडलेली हवी. नुसता खिळा वर उचलणाऱ्या ओढीपुढे टिकत नाही. ही साखळी जिथे तुटेल तिथूनच छप्पर जाईल. म्हणून सुताराला वर चढवून प्रत्येक सांधा तपासून घ्यावा आणि वाळवी लागलेला वासा त्याच वर्षी बदलावा.

पडवीचा विचार स्वतंत्रपणे करावा. तिन्ही बाजूंनी उघड्या पडवीत वारा खालून भरतो आणि तिचे छप्पर सर्वांत आधी उचलले जाते. ते मुख्य छपराशी सलग असेल तर स्वतःबरोबर घराचेही छप्पर ओढून नेते. नवीन बांधकाम करताना पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून तोडून, थोडे खाली घ्यावे. शक्य असल्यास दुपाखी घराऐवजी चौपाखी घर बांधावे, कारण चारही बाजूंना उतार असलेल्या छपराला वाऱ्याचा सरळ मारा झेलणारी त्रिकोणी भिंत नसते. आपल्या जुन्या घरांचे उतार तीव्र आणि पाखे चार असत, ही बाब वाऱ्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची होती.

वाडी आणि घराभोवतीची झाडे

‘निसर्ग’मध्ये श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड आणि दापोली या तालुक्यांतील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे खोड उंच आणि सडपातळ, मुळे उथळ, त्यामुळे ती जोरदार वाऱ्यात मधोमध मोडते किंवा शेजारच्या झाडावर पडून त्यालाही घेऊन जाते. वाडी पूर्णपणे वादळापासून वाचवता येत नाही, हे मान्य करूनच तयारी करावी लागते.

एप्रिलमध्ये माडावरच्या वाळक्या झावळ्या, पोय आणि पक्व नारळ उतरवून घ्यावेत. सुटलेला नारळ वाऱ्यात घातक ठरतो. घरावर झुकलेला किंवा शेंड्याकडे बारीक होत गेलेला जुना माड काढणे मनाला जड जाते, पण ज्याची सावली झोपायच्या खोलीवर पडते असे कमकुवत झाड ठेवू नये. आंबा, फणस आणि चिंच यांची दाट पालवी विरळ करावी, म्हणजे वारा झाडातून निघून जातो. मात्र एकाच बाजूच्या फांद्या छाटून झाडाचा तोल बिघडवू नये. वीजवाहिनीजवळची छाटणी वीज कंपनीच्या माणसांकडूनच करून घ्यावी आणि त्यासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत वेळेत द्यावा. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांचा आणि केवड्याचा पट्टा असेल तर तो तोडू देऊ नये. वाळू आणि खारे वारे अडवण्याचे काम तो बारा महिने करतो.

याच काळात वाडीतील झाडांची जातवार मोजणी करून, तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत आणि सातबाऱ्यावर नारळ, सुपारी, आंबा यांची नोंद खरोखर आहे का ते पाहावे. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत मोजाव्या लागतात आणि एका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असतात, त्यांतले काही मुंबईत, काही पुण्यात. ‘निसर्ग’नंतर हेक्टरी मदतीचा हिशेब अशा वाड्यांना अपुरा पडला आणि पुढे नारळ-सुपारीसाठी झाडांच्या संख्येनुसार मदत देण्याचा निर्णय झाला. ज्याच्याकडे झाडांची नोंद आणि सहहिस्सेदारांची संमती आधीच तयार असते, त्याचे काम अशा वेळी अडत नाही.

सूचना कशा वाचायच्या

भारतीय हवामान विभाग चार टप्प्यांत सूचना देतो : साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी इशारा आणि सुमारे १२ तास आधी लाल इशारा, ज्यात वादळ जमिनीवर आल्यानंतर आत कुठवर परिणाम होईल तेही सांगितलेले असते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र आणि ११८ पासून अतितीव्र चक्रीवादळ. नाव ६२ ला मिळते. त्यामुळे नावाची वाट न पाहता, समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होत असल्याची पहिली बातमी हीच आपली सुरुवात समजावी.

बंदरावरच्या बावट्यांची भाषा मच्छीमारांना ठाऊक असते, इतरांनीही ती समजून घ्यावी. एक आणि दोन नंबरचे बावटे वादळ दूर समुद्रात असल्याचे, तीन आणि चार नंबरचे खुद्द बंदराला खराब हवामानाचा त्रास होण्याची शक्यता असल्याचे सांगतात. पाचपासून दहापर्यंत धोका आणि महाधोका, तर अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे. तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर नेण्याचा विचार तिथेच थांबवावा.

नकाशावर वादळाचा मार्ग एका रेषेने दाखवतात, तिच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा असतो. आपले गाव त्या पट्ट्यात असेल तर रेषा आपल्यावरून जाणार असे समजूनच वागावे. त्यानंतर पाहायचे ते हे, की आपण केंद्राच्या कोणत्या बाजूला असू. उत्तर गोलार्धात वारा केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून पश्चिमेकडून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या वादळात केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर वारा समुद्राकडून येतो आणि पाणी आत ढकलतो, तर उत्तरेकडील गावांत तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. ‘निसर्ग’च्या वेळी मुंबई उत्तरेला राहिली आणि उधाणातून बऱ्याच अंशी सुटली. ‘तौक्ते’सारखे वादळ किनाऱ्याला समांतर जाते तेव्हा क्रम वेगळा असतो : प्रथम आग्नेयेचा, मग दक्षिणेचा आणि केंद्र उत्तरेला सरकल्यावर नैर्ऋत्येचा वारा येतो. म्हणजे वादळ पुढे गेल्याची बातमी आल्यावरच लाटांचा सरळ मारा सुरू होतो. किनाऱ्यावर पाहायला जाणारी माणसे याच वेळी सापडतात.

भरतीची वेळही धरायला हवी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हे गणित किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असते : चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास मोठे उधाण. ३ जून २०२० ला द्वादशी होती, वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, आणि वादळ जमिनीवर आले तेव्हा सकाळची भरती होऊन गेली होती. तेच वादळ दोन दिवसांनी दुपारी बारा वाजता आले असते तर पाणी कुठवर चढले असते, याचा प्रत्येक किनारी गावाने आपल्या पाखाडीवर उभे राहून एकदा अंदाज घ्यावा आणि स्थलांतराची जागा त्या रेषेच्या वर ठरवावी.

शेवटचे दोन दिवस

होडीचे काम प्रथम. खोल समुद्रात असलेल्या नौकांशी मच्छीमार सोसायटीमार्फत आणि बिनतारी यंत्रावरून संपर्क साधावा. तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, आपले बंदर गाठण्याचा हट्ट न धरता जवळचे बंदर धरावे. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ वादळाच्या वेळी केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक नौका देवगडच्या आश्रयाला आल्या आणि शेकडो खलाशी वाचले. किनाऱ्यावर असलेली होडी जेटीला बांधून ठेवू नये, कारण उधाणात ती त्याच जेटीवर आपटते. ती खाडीत आत, चिखलाच्या तळावर, दोन नांगर टाकून ठेवावी आणि नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या सात-आठ पट लांब सोडावी. ही खोली मोजताना भरतीचे आणि उधाणाचे वाढीव पाणी धरावे. होड्या एकमेकींना चिकटवून बांधू नयेत, बांधाव्याच लागल्या तर मध्ये टायर अडकवावेत. लहान होडीचे यंत्र आणि जाळी काढून उंच जागी न्यावीत. होडी बांधून झाल्यावर तिच्यावर कोणीही थांबू नये. संकटात तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक प्रत्येक खलाशाच्या घरी भिंतीवर लिहिलेले असावेत.

घरात साठवण करताना वादळाच्या रात्रीपुरती नव्हे, त्यानंतरच्या आठवड्यांपुरती करावी. ‘निसर्ग’नंतर कित्येक गावांत वीज अनेक आठवडे नव्हती. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही, गिरणी नाही, मोबाइल नाही आणि पैसे काढण्याचे यंत्रही नाही. म्हणून पिण्याचे पाणी भरून ठेवणे, विहिरीवर रहाट किंवा निदान पोहरा आणि दोर तयार असणे, पंधरा दिवसांचे पीठ दळून ठेवणे, नियमित औषधे महिन्याची असणे आणि थोडी रोकड हाताशी असणे ही खरी तयारी आहे. इन्सुलिनसारखे थंडाव्यात ठेवायचे औषध असेल तर ते मातीच्या ओल्या भांड्यात ठेवता येते, याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके आणि होडीची नोंदणी घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावी.

गुरांना गोठ्यात बांधून ठेवू नये. पक्की भिंत आणि छप्पर असलेली जागा नसेल तर त्यांना झाडांपासून दूर, उंच मोकळ्या जागी दावे सोडून ठेवावे. ज्यांची घरे वर्षभर बंद असतात अशा चाकरमान्यांनी शेजाऱ्यांकडे किल्ली आणि वीज बंद करण्याची परवानगी देऊन ठेवावी, कारण बंद घराचा उडालेला पत्रा शेजारच्या नांदत्या घरावर पडतो.

वारा सुरू असताना

घर कच्चे असेल किंवा समुद्राला लागून असेल तर सांगितल्यावर लगेच शाळेत किंवा निवारा केंद्रात जावे. वारा वाढल्यावर रस्त्यावर झाडे आणि तारा पडू लागतात, तेव्हा घराबाहेर पडणे अधिक धोक्याचे. घरात राहणाऱ्यांनी मुख्य वीज आणि गॅस बंद करून, खिडक्यांपासून दूर, माजघरासारख्या आतल्या खोलीत एकत्र बसावे. ज्या खोलीवर मोठे झाड झुकले आहे ती टाळावी. छप्पर हलू लागले तर पक्क्या पलंगाखाली किंवा स्लॅब असलेल्या न्हाणीघरात जावे.

वारा एकाएकी थांबला आणि आकाश उजळले तर तो वादळाचा मध्य असू शकतो. तो थोडाच वेळ टिकतो, आणि त्यानंतर वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो. आधीच्या वाऱ्याने एका बाजूला सैल झालेली झाडे आणि छपरे या दुसऱ्या झोतात जातात. प्रशासनाकडून वादळ संपल्याचे कळेपर्यंत कोणीही पत्रे गोळा करायला बाहेर जाऊ नये.

नंतरचे आठवडे

पडलेली प्रत्येक तार जिवंत समजावी. घरी जनित्र लावल्यास मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी, अन्यथा उलट प्रवाह खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. आडव्या पडलेल्या झाडाच्या वाकलेल्या फांदीत मोठा ताण असतो, म्हणून ते एकट्याने कापू नये.

विहिरीचे पाणी शुद्ध करण्याचा हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, पाण्याच्या खोलीने आणि ३.१४ ने गुणावे, चाराने भागून हजाराने गुणावे. उत्तर लिटरमध्ये मिळते. तीन मीटर व्यासाच्या आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे २८ हजार लिटर पाणी असते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे तिला सुमारे ७० ग्रॅम लागेल, आणि पुराचे किंवा पालापाचोळ्याचे पाणी शिरले असेल तर दुप्पट. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खाली सोडून हलवावी आणि निदान एक तास पाणी वापरू नये. विहिरीत समुद्राचे पाणी शिरले असेल तर पंप लावून ती झपाट्याने उपसू नये, कारण त्यामुळे जमिनीतले खारे पाणी आणखी ओढले जाते. थोडा थोडा उपसा करून पावसाने ती गोडी होऊ द्यावी. चिखलात काम करताना पायात बूट असावेत. लेप्टोस्पायरोसिसचा धोका याच काळात असतो, ताप आल्यास दवाखान्यात चिखलात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

साफसफाई सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा स्वतः हजर राहावे, मोडलेली झाडे जातवार मोजून घ्यावीत आणि पंचनाम्याची प्रत मागावी. होडी आणि जाळ्यांचा पंचनामा मत्स्यव्यवसाय विभागाकडे वेगळा होतो.

वाडीत मोडून पडलेली खोडे तशीच कुजू देऊ नयेत. त्यांत गेंड्या भुंगा वाढतो, आणि जखमी माडाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, असे झाले तर वादळातून वाचलेला माड पुढच्या वर्षी जातो. पोफळी गेल्यावर तिच्या सावलीतली जायफळे आणि मिरीचे वेल उन्हाने करपतात, त्यांना झावळ्यांची सावली करून मध्ये केळी लावावी, कारण केळ काही महिन्यांतच सावली देते. नवी रोपे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रांतून, नारळाची भाट्ये येथून आणि सुपारीची श्रीवर्धन येथून, मागणी आधी नोंदवून घ्यावीत. वादळानंतर रोपांची मागणी एकदम वाढते आणि खात्री नसलेली रोपे बाजारात येतात. पोफळीला उत्पन्न यायला सहा-सात वर्षे लागत असल्याने चुकीच्या रोपाचा तोटाही तितकीच वर्षे सोसावा लागतो. लावणी करताना वाडीच्या पश्चिम आणि नैर्ऋत्य कडेला वारा अडवणाऱ्या झाडांची एक ओळ आधी लावावी आणि मगच आत पोफळीचे खड्डे घ्यावेत.